मॅग्नेटोवरील खोटा आरोप

जुना ट्रॅक्टर सुरू होईना, की त्याचा मॅग्नेटो 'मेला' असे जाहीर करावयाचे आणि तो उपटून त्या जागी मोटारीची बॅटरी व कॉइल बसवावयाची, ही हौशी जीर्णोद्धारकांची रीत होऊन बसली आहे. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्या वाचकांस ही न्यायपद्धती अपरिचित नसावी. चौकशी नाही, साक्ष नाही. कोपऱ्यात मुकाट बसलेल्यावर शेरा मारून मोकळे व्हावयाचे! पुष्कळदा दोष मॅग्नेटोचा नसतो, ठिणगीच्या वेळेचा असतो, हे कोणी तपासतच नाही.

आज पुण्याजवळ सणसवाडीला ज्या जॉन डीअर कंपनीचे ट्रॅक्टर तयार होतात, तिचेच अमेरिकेत १९३४ व १९३५ साली निघालेले 'ए' आणि 'बी' हे नमुने घ्या. दोन आडवे सिलिंडर, आणि चालकाने हाताने फिरवावयाचे भले थोरले फ्लायव्हील. या इंजिनात एका स्फोटानंतर दुसरा १८० अंशांनी होतो, पण त्यानंतरचा ५४० अंशांनी. म्हणजे दोन ठोके लागोपाठ आणि मग लांबलचक विराम. हा त्याचा जन्मजात ताल आहे. नवा मालक तो ऐकून 'एक सिलिंडर चुकतो' म्हणतो आणि बरोबर बसलेला मॅग्नेटो फिरवू लागतो. येथूनच खऱ्या बिघाडास प्रारंभ होतो.

मॅग्नेटो आपली वीज आपणच निर्माण करतो. पण हाताने फिरविताना गती मंद असते व ठिणगी दुबळी पडते. यावर जुन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे इंपल्स कपलिंग. त्यातील खिटी चुंबकाचा दांडा क्षणभर अडवून धरते, स्प्रिंगला पीळ भरतो आणि खिटी सुटताच दांडा झटक्याने फिरतो. 'खट्' असा आवाज होतो, ठिणगी जोरदार पडते, शिवाय ती उशिरा पडते. इंजिनाने वेग घेतला की खिटी आपोआप बाजूस होते आणि ठिणगी पुन्हा लवकर पडू लागते. पण सुकलेल्या वंगणाने खिटी चिकटली, तर सुरू करतानाच ठिणगी अकाली पडते. फ्लायव्हील उलटे फिरते आणि मनगट मोडू शकते. तो 'खट्' ऐकू येतो की नाही, एवढे ऐकण्यास कोणती विद्वत्ता लागते?

पुढची तपासणीही अवघड नाही. चालकाच्या आसनावरून पाहता डावा तो पहिला सिलिंडर. त्याच्या दाब-कॉकवर अंगठा धरून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. हवा अंगठा ढकलू लागली की दाबाची फेरी आली. फ्लायव्हीलवर 'एल. एच. इंपल्स' अशी खूण कोरलेली असते. ती नेमकी जागेवर येताच 'खट्' झाले पाहिजे. ही खूण प्रत्येक फेरीत एकदा येते, परंतु दाबाची फेरी एकाआड एक असते. अंगठा न लावता नुसत्या खुणेवर भिस्त ठेवणारे लोक धूर बाहेर टाकण्याच्या फेरीवर मॅग्नेटो जुळवितात, ठणठणीत ठिणगी पाहून चकित होतात आणि दिवसभर घाम गाळून अखेर मॅग्नेटोलाच शिव्या देतात.

वेटोळी कुजतात, कंडेन्सर फुटतो, चुंबक क्षीण होतो, हे मला मान्य आहे. पण पॉइंटांमधले अंतर, खिटी आणि खूण ही तीन प्रश्नपत्रिका सोडविण्यापूर्वी वेटोळ्यांवर जाण्याचा कोणाला अधिकार नाही. आणि बॅटरीने चालविलेला 'बी' प्रदर्शनात दिमाखाने उभा करणाऱ्यांनी त्याच्या पाटीवर तसे लिहावे. बॅटरीची गरजच पडू नये म्हणून बांधलेले ते यंत्र होते, आणि पेट्रोल-रॉकेल भरून एकटा शेतकरी आपल्या दोन हातांनी ते सुरू करी.