बंदूक कोतमध्येच राहू द्या

सुट्टीवर आलेल्या जवानाला गावातही शस्त्र बाळगू द्यावे, वर्दीत वावरू द्यावे, ही मागणी आता आमच्या पवनारातही ऐकू येते. सीमेवर काही घडले की चहाच्या टपरीवर तिला जोर चढतो. मागणारे लोक जवानाच्या काळजीपोटीच बोलतात, त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मागणी मात्र चुकीची आहे, आणि ती मान्य झाली तर सगळ्यात आधी जवानाचाच घात होईल.

आजचा नियम काय आहे ते आधी पाहू. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना शस्त्र बाळगले तर त्याला परवाना लागत नाही, अशी सूट १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे. सुट्टी म्हणजे कर्तव्य नव्हे, म्हणून ती सूट पलटणीच्या फाटकाबाहेर येत नाही. घरी निघालेला जवान आधी रायफलच्या बॅरलमधून चिंदी ओढून ती साफ करतो, मॅगझिन रिकामे करून दाखवतो. कोतचा, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागाराचा, एनसीओ रजिस्टरात बट नंबर ताडून पाहतो, सही घेतो, रायफल रॅकमध्ये लागते आणि कुलूप पडते. त्यानंतरच जवान ट्रंक उचलून स्टेशनाची वाट धरतो. ती रायफल त्याने कितीही जिवापाड जपली असली तरी ती त्याची खासगी मालमत्ता नाही. स्वतःच्या पैशाने पिस्तूल घ्यायचे असेल तर त्याला मनाई नाही, पण परवाना त्यालाही काढावा लागतो.

‘ज्याच्या हाती देशाची सीमा सोपवता, त्याच्यावर गावात भरवसा नाही का?’ हा पहिला आक्षेप. ऐकताना बिनतोड वाटतो. पण सीमेवर आपण एकट्या माणसाच्या हाती बंदूक देऊन मोकळे होत नाही. गोळी कधी भरायची, कधी झाडायची, कधी हात आवरायचा, याचा हुकूम देणारा वर कोणीतरी असतो आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब मागणाराही असतो. गावात ना हुकूम देणारा, ना हिशेब घेणारा. तिथे तो कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, कोणाचा भाऊबंद असतो. महिनाभराच्या सुट्टीत त्याला आईचे दवाखाने करायचे असतात, बहिणीचे लग्न उरकायचे असते, आणि फार वेळा धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, भांडण मिटवायचे असते. शेजाऱ्याने दरवर्षी नांगराचे दोन तास धुरा कोरत आणलेला, वर्षभर फोनवर बायकोचे रडणे ऐकलेले, असा माणूस संतापलेला असणारच. आज तो वाद शिवीगाळीवर, फार तर काठीवर थांबतो. कमरेला पिस्तूल असेल तर एक घर स्मशानात जाईल आणि दुसरे तुरुंगात, आणि तुरुंगात जाणारा तो जवानच असेल. नोकरी गेली, पेन्शन गेले, घर उघड्यावर पडले. लग्नाच्या वरातीत हौसेने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने संसदेला करावी लागली, यावरून घरगुती प्रसंगात बंदूक काय करते ते कळते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मे २०१७ मध्ये लेफ्टनंट उमर फयाज शोपियां जिल्ह्यात नातेवाइकाच्या लग्नाला गेला आणि अतिरेक्यांनी त्याला उचलून नेऊन मारले. जून २०१८ मध्ये रायफलमन औरंगजेब ईदसाठी घरी निघाला असताना त्याचेही तेच झाले. दोघेही निःशस्त्र होते. त्यांच्या हाती काही असते तर, हा प्रश्न कोणालाही पडेल आणि मी तो झटकून टाकत नाही. पण टोळीने, आधीच पाळत ठेवून, शस्त्रे रोखून आलेल्यांपुढे एका माणसाला पिस्तूल काढायलाही वेळ मिळत नाही. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्य यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हा त्यांच्यासोबत गाडीत अंगरक्षक होता. आयुष्यभर रणगाड्यांत लढलेला, दोन महावीरचक्रे मिळवलेला सेनापती आणि सोबत पहारा, तरीही मारेकऱ्यांचे फावले. जिथे खरा धोका आहे तिथे जवानाला घरापर्यंत सोबत द्यावी, त्याच्या येण्याजाण्याची वेळ गुप्त ठेवावी, प्रसंगी सुट्टीचा मार्ग बदलावा. ही कामे व्यवस्थेची आहेत. काश्मीरच्या त्या दोन घटनांवरून वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात सरकारी शस्त्र नेण्याचा हक्क मागणे मला पटत नाही. स्वित्झर्लंडचा दाखला देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तिथे घरी रायफल ठेवण्याची रीत असली, तरी घरी दिला जाणारा दारूगोळा २००७ पासून परत घ्यायला सुरुवात झाली.

या बाबतीत आमच्या भागाची एक जुनी जखम आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी आणि चिमूर पेटले. चिमूरला गोरे सैनिक उतरले आणि त्यांनी गावातल्या स्त्रियांवर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केले. ‘ती परक्यांची फौज होती, ही आपली आहे’ असे कोणी म्हणेल. फरक मोठा आहे, मान्य. आजच्या जवानाला त्या पंक्तीत बसवण्याचे पाप मी करणार नाही. परंतु नागरी अधिकाऱ्याचा लगाम नसलेले शस्त्र वस्तीत आले की काय होते, ते या मातीने पाहिले आहे. म्हणून तर स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही दंगलीत लष्कर उतरवायचे तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो असे ठरवले. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तेव्हापुरती लष्करी अधिकाऱ्याला मोकळीक आहे, आणि संपर्क होताच पुढे त्याच्याच सूचना पाळाव्या लागतात. आख्ख्या पलटणीला जी अट आहे, ती एकट्या जवानाला सुट्टीत माफ कशी करायची?

वर्दीचा मुद्दा भावनेचा आहे. मुलगा भरती होऊन पहिल्यांदा गावी येतो तेव्हा आईला तो वर्दीत बघायचा असतो. आईने घरात डोळे भरून बघावे, फोटो काढावा, त्यात कोणाचे काय जाते? पण लढाईचा चितकबरा वेश घालून बाजारहाट करणे, वरातीत नाचणे, पुढाऱ्याच्या मंचावर मिरवणे वेगळे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर आलेले अतिरेकी लष्करी वेशातच होते. रस्त्यावर तसा वेश रोज दिसू लागला की लोकांच्या नजरेला त्याचे काही वाटेनासे होते आणि तोतयाचे काम सोपे होते. १५ जानेवारी २०२२ ला सेनेने नवा लढाऊ गणवेश पुढे आणला, त्याच्या नक्षीची कायदेशीर नोंदणी केली, ती याच कारणासाठी. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा वेश करणाऱ्या नागरिकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ ने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जवानाचे नातलग हौसेने त्याचे जॅकेट घालून गावभर फिरतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही बोलले पाहिजे. पवनार ही विनोबांची भूमी, १७ ऑक्टोबर १९४० ला पहिल्या वैयक्तिक सत्याग्रहीने इथूनच युद्धाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा इथे फौजेचे कौतुकच नको, असे काहीजण म्हणतात. हेही मला अमान्य आहे. इथून चाळीसेक किलोमीटरवर पुलगावचे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली तेव्हा ती विझवता विझवता दोन अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे जळून गेली. पळून जाता आले असते, ते गेले नाहीत. त्यांच्यामुळे आसपासची गावे वाचली. त्यांना दूर लोटणारी अहिंसा विनोबांची नव्हे. मे १९६० मध्ये चंबळच्या बागींनी विनोबांपुढे दुर्बिणीच्या रायफली ठेवल्या, तेव्हा त्या खोऱ्यात त्यांच्या सोबतीला मेजर जनरल यदुनाथसिंह होते. सैनिकाला विनोबांनी सोबत घेतले आणि काम बंदुकीवाचून केले.

म्हणून माझे म्हणणे असे की जवानाला गावात शस्त्राची गरज वाटू नये, ही जबाबदारी आपली, गावाची आणि तालुक्याची आहे. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. १९२५ चा सैनिक वादविषयक कायदा आजही आहे. सैनिक नोकरीमुळे हजर राहू शकत नसेल तर त्याच्याविरुद्धचा दिवाणी दावा त्याखाली थांबवता येतो. हे आमच्या किती घरांना ठाऊक आहे? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने प्रत्येक जवानाच्या घरी हे कळवावे. पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे आले की त्याची पोच आणि केलेली कारवाई ठरलेल्या दिवसांत परत जावी. पोलीस पाटलाने जवानाच्या घराची चौकशी तो नसतानाही करावी, कारण त्याच्या म्हाताऱ्या आईबापांना दमदाटी होते ती तो सीमेवर असताना. आणि धुऱ्याच्या मोजणीची तारीख त्याच्या सुट्टीच्या आत मिळावी. सुट्टी संपल्यावरची तारीख घेऊन तो गाडीत बसला, तर पुढचे अकरा महिने त्याचे अर्धे लक्ष पहाऱ्यावर आणि अर्धे त्या शेतात राहते. भूमी अभिलेखच्या मोजणीदाराने टेप घेऊन वेळेत धुऱ्यावर उभे राहावे, एवढे जिल्हा प्रशासनाला या खरिपाआधीही करता येण्यासारखे आहे.