चाळीस टक्के नेमके कशाचे? संमिश्र अध्यापनाच्या मंजुरीसाठी प्राध्यापकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू तथा अध्यक्ष, विद्यापरिषद

विषय : संलग्न महाविद्यालयांतील एखादा पेपर ऑनलाइन वा संमिश्र पद्धतीने शिकवण्यास मंजुरी देण्याची लेखी कार्यपद्धती ठरवण्याबाबत

महोदय,

दर जूनमध्ये वेळापत्रक लावायला बसले की विभागप्रमुखांपुढे एक प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर कुठल्याच फाइलीत सापडत नाही. एखाद्या पेपरचे काही तास ऑनलाइन घ्यायचे असतील तर परवानगी द्यायची कोणी? प्राचार्य म्हणतात, विद्यापीठाला विचारा. विद्यापीठात गेले की कळते, तसे परिपत्रक निघालेले नाही. तोवर पहिली चाचणी येऊन ठेपते. मग जो तो आपापल्या मनाने मार्ग काढतो. कोणी रविवारी सकाळी गूगल मीटवर जादा तास घेतो, त्याची नोंद मस्टरवर होत नाही. कोणी सोमवारचा तास यूट्यूबची लिंक पाठवून भागवतो, आणि त्याची नोंद मात्र रीतसर होते.

ऑनलाइन अध्यापन सरसकट सुरू करा, असे आमचे म्हणणे नाही. सरसकट बंद करा, असेही नाही. आमच्या कार्यकारिणीत दोन्ही मतांचे लोक आहेत आणि बैठकीत आवाज चढतात. एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले. कोणता पेपर किती ऑनलाइन घ्यायचा, हे त्या पेपरच्या आशयावरून ठरावे, ते अभ्यासमंडळाने ठरवावे, आणि सत्र सुरू होण्याआधी ठरवावे.

आधी नियमांचा गुंता सोडवू, कारण अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम संपूर्ण ऑनलाइन पदवीविषयी आहेत. त्यासाठी नॅकचे चारपैकी किमान ३.२६ गुण किंवा एनआयआरएफच्या पहिल्या शंभरात स्थान, अशा अटी आहेत. एका पेपरचे चोवीस तास ऑनलाइन घेऊ का, असे विचारणाऱ्या महाविद्यालयाला ‘तुम्ही या निकषात बसत नाही’ असे उत्तर देणे म्हणजे भलत्याच प्रश्नाचे उत्तर देणे होय. दुसरे आहेत २०२१ चे स्वयम् विनियम. त्यांनुसार एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी स्वयम् मंचावरून करू शकतो. तिसरे, मे २०२१ मधले आयोगाचे संमिश्र अध्यापनाचे संकल्पना टिपण. त्यातही ४० टक्केच आहेत, पण ते एकेका अभ्यासक्रमाचे : ४० टक्के भाग ऑनलाइन, ६० टक्के वर्गात. म्हणजे आकडा एक आणि त्याचे अर्थ दोन. सत्रातले चाळीस टक्के पेपर आणि पेपरातला चाळीस टक्के भाग यांची गल्लत रोज होते, आणि ज्याला जे सोयीचे तो ते पुढे करतो. शिवाय ते टिपण सूचना मागवण्यासाठी प्रसृत केले होते. त्याला विनियमांचा दर्जा नाही. त्याच्या आधारे काय चालेल आणि काय नाही, हे विद्यापीठाने स्वतःच्या अध्यादेशात लिहून द्यावे, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी मुख्य आहे, म्हणून थोडी विस्ताराने मांडतो.

संमिश्र पद्धतीने घ्यायच्या प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाला एक पानी जोडपत्र असावे. कोणते घटक ऑनलाइन, ते का, त्यातले किती तास थेट संवादाचे आणि किती ध्वनिचित्रमुद्रित, विद्यार्थ्याच्या शंकेला किती दिवसांत उत्तर मिळणार, आणि अंतर्गत गुण कशावर देणार, एवढेच त्यात असावे. ते अभ्यासमंडळाने तपासावे, विद्याशाखेमार्फत विद्यापरिषदेपुढे न्यावे. आजही अभ्यासक्रम याच वाटेने जातो. नवी समिती नको. समित्या पुष्कळ आहेत.

पेपरागणिक विचार करा असे आम्ही का म्हणतो, ते दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा असतो. विद्यार्थी ब्लेडने चकत्या काढून पाण्यात सोडतो, त्यांतली सर्वांत पातळ ब्रशने उचलतो, सॅफ्रॅनिनने रंगवतो, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर आच्छादक काच टेकवतो. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांच्या चकत्या जाड येतात, कारण मनगट वाकडे असते. शिक्षक मागून येऊन ते मनगट सरळ करतो. प्रात्यक्षिकाचा गाभा तोच आहे आणि तो पडद्यावरून होणार नाही. याउलट मराठीच्या मुद्रितशोधनाच्या कौशल्य पेपरचे पाहा. वर्गात झेरॉक्सचा एक उतारा तिसांत फिरतो. एकाने ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती केली तर बाकीच्यांना ती दिसतच नाही. तोच उतारा गूगल डॉक्समध्ये उघडला की कोणी अनुस्वार दिला, कोणी काढला, कोणी चांगले वाक्य बिघडवले, हे सगळ्यांना तिथल्या तिथे दिसते आणि शिक्षक प्रत्येक दुरुस्तीशेजारी टीप लिहू शकतो. हा पेपर ऑनलाइन अधिक चांगला शिकवता येतो. आता एकाच परिपत्रकाने या दोन्ही पेपरांना ‘४० टक्के’ लावून पाहा.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत धोरण लागू झाले आणि मुक्त ऐच्छिक, कौशल्यवर्धन, मूल्यशिक्षण अशा दोन-दोन क्रेडिटच्या पेपरांची रांग लागली. लहान महाविद्यालयांत ते शिकवायला माणूस नसतो. मग पेपर ‘ऑनलाइन’ होतो. अशा ऑनलाइनला आमचा स्वच्छ विरोध आहे. रिक्त पद हे ऑनलाइन शिकवण्याचे शैक्षणिक कारण असूच शकत नाही, आणि जोडपत्रावर ते कारण दिसले तर अभ्यासमंडळाने प्रस्ताव परत पाठवावा.

तिसरी मागणी कार्यभाराची. यावर ‘शेवटी प्राध्यापक पगारावरच आले’ असे कोणी म्हणेल. जरूर म्हणावे, पण आधी हिशेब पाहावा. थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला साठ. त्यांतले ४० टक्के, म्हणजे चोवीस तास, ऑनलाइन गेले. सगळ्याच पेपरांत असे झाले आणि ते तास कार्यभारात धरले नाहीत, तर आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार आठवड्याला सोळा तास शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकाचे कागदावर दहासुद्धा उरत नाहीत. अशी दोन पदे शेजारी ठेवली की एक अतिरिक्त ठरवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून मंजूर जोडपत्रातला थेट ऑनलाइन तास हा वर्गातल्या तासाइतकाच पूर्ण तास धरावा. ध्वनिचित्रमुद्रित पाठ तयार करण्याला पहिल्या वर्षी वेगळा भार द्यावा. ऑनलाइन तुकडी मंजूर तुकडीपेक्षा मोठी करू नये आणि तीन महाविद्यालयांचे विद्यार्थी एका लिंकवर गोळा करू नयेत.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या बाबतीत तर हे थेट चुलीपर्यंत पोचते. त्यांना पैसे तासाचे मिळतात. एका महाविद्यालयात आमच्या एका सहकाऱ्याच्या देयकातून ऑनलाइन घेतलेले तास वगळण्यात आले; कारण काय, तर हजेरीपत्रकावर खोली क्रमांक नव्हता. देयकाच्या नमुन्यात ऑनलाइन तासाचा रकाना घाला आणि त्याला त्याच दराने मानधन द्या.

चौथी मागणी ध्वनिचित्रमुद्रणाविषयी आहे. शिक्षकाचा मुद्रित पाठ त्या सत्रापुरता आणि त्या तुकडीपुरता असावा. पुढे वापरायचा असेल तर त्याची लेखी संमती घ्यावी, आणि त्या पाठाच्या जोरावर त्याच शिक्षकाची नेमणूक टाळता येणार नाही, असे अध्यादेशात स्पष्ट असावे. वर्गाच्या मुद्रणात विद्यार्थ्यांचे चेहरे आणि आवाजही असतात. तेही परवानगीशिवाय कुठे जाऊ नयेत. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नको. एका खोलीत पाच माणसे राहतात अशा घरातल्या मुलीला ती सक्ती म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्यांबद्दल आणखी थोडे. ज्या गावाहून शेवटची एसटी साडेचारला सुटते, तिथल्या विद्यार्थिनीला संध्याकाळचा ऑनलाइन तास वरदान आहे. ज्याच्या घरी दिवसाच्या दीड जीबीवर दोन भावंडे शिकतात, त्याला तोच तास जड आहे. म्हणून थेट तासाची केवळ आवाजाची फाइल आणि लेखी टिपणे त्याच आठवड्यात उपलब्ध व्हावीत, आणि नेट गेल्यामुळे हुकलेला तास ७५ टक्के उपस्थितीच्या हिशेबात विद्यार्थ्यावर लादू नये. ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा त्या वेळी उघडी असावी. टिपणे टंकलिखित हवीत. वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ केली की दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ते नुसते चित्र असते, तो एक अक्षर वाचू शकत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ही सवलत नाही, हक्क आहे. अंतिम परीक्षा मात्र केंद्रावर, समोरासमोरच व्हावी. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन परीक्षांचे निकाल सर्वांनी पाहिले आहेत, त्यावर अधिक लिहीत नाही.

मुदतीबाबत आमची सूचना अशी : प्रस्ताव डिसेंबरअखेर घ्यावेत, अभ्यासमंडळाने साठ दिवसांत निर्णय द्यावा, नकार असल्यास कारण लेखी द्यावे, आणि मंजूर पेपरांची यादी एप्रिलमध्ये, म्हणजे प्रवेशाआधी, जाहीर करावी. विद्यार्थ्याला पेपर निवडतानाच कळले पाहिजे की यातले किती तास वर्गात आणि किती पडद्यावर आहेत. मंजुरी दोन वर्षांची असावी. नूतनीकरणाच्या वेळी त्या पेपरच्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि निकाल अभ्यासमंडळापुढे ठेवावेत. पेपर जमला नसेल तर तो निमूटपणे वर्गात परत आणावा.

जोडपत्राचा नमुना आम्ही तयार केला असून या पत्रासोबत देत आहोत. वर दिलेली वनस्पतिशास्त्र आणि मुद्रितशोधनाची उदाहरणे त्यात भरून दाखवली आहेत. विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि त्याआधी संघटनेच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकापर्यंत कार्यपद्धती ठरली नाही, तर आमचे सभासद लेखी आदेशाशिवाय एकही तास ऑनलाइन घेणार नाहीत आणि रविवारचे नोंद नसलेले तासही थांबवतील. तसा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
प्राध्यापक संघटना