खोकल्याआधी काम विचारा

बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. लूमवर पाळी करणारा कामगार खोकला घेऊन घराजवळच्या डॉक्टरकडे जातो, बाटलीभर औषध आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन परततो. पंधरवड्याने पुन्हा तेच. हे थांबले पाहिजे. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खूण तर विचारल्याशिवाय सापडतच नाही. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत हलकी होते. दुखणे मुरले की रोजच दम लागतो. पाळीआधी आणि पाळीनंतर श्वासाचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावले, तरी फरक कळू शकतो. हे साधन हातात मावते, दवाखान्यात ठेवायला जड नाही. मात्र खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर धुळीवर खापर फोडून मोकळे होऊ नये. क्षयासाठी थुंकी तपासलीच पाहिजे. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांची तरतूदही आहे. कामगार बंधुभगिनींनो, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम आपणहून सांगा.