वाचकाचा शोध वाचकापाशीच राहू द्या

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक,
ग्रंथालय संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांतील संगणकांवर वाचकांची गोपनीयता जपणारा ब्राउझर व सर्च इंजिन बसवण्याबाबत

महोदय,



राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकांवर कोणता ब्राउझर असावा, त्यात कोणते सर्च इंजिन असावे आणि वाचक उठून गेल्यावर त्या संगणकात काय शिल्लक राहावे, याविषयी आपल्या संचालनालयाने परिपत्रक काढावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी तालुक्याच्या गावातील एका 'ब' वर्ग ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर काम करते. प्रश्न एका ग्रंथालयापुरता नाही आणि त्यावर ग्रंथपालांनी, वाचकांनीही बोलायला हवे, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

ग्रंथालयातला संगणक कोण वापरतो, हे आपण जाणताच. अभ्यासिकेतली मुले-मुली भरतीची जाहिरात बघतात, अर्ज भरतात, हॉल तिकीट काढतात. शेतकरी पीकविम्याची यादी बघतो. निवृत्त शिक्षक पेन्शनचा शासन निर्णय शोधतात. मोबाइल बहुतेकांकडे असतो. पण लांबलचक अर्ज भरायचा, फोटो आणि सही ठरलेल्या आकारात अपलोड करायची आणि प्रिंट काढायची म्हटली की पावले ग्रंथालयाकडे वळतात. एकदा संगणकापुढे बसला की माणूस कामापुरतेच शोधत नाही. जे घरी बोलता येत नाही, डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, तेही तो तिथे शोधतो.

आमच्या संगणकावर काही काळापूर्वीपर्यंत शोधपेटीत 'ग' टाइप केला की आधी बसून गेलेल्यांचे शोध खाली उलगडत : गट क भरती, गव्हाचे बियाणे, गर्भपाताच्या गोळ्या. दुपारी त्या खुर्चीवर कोण बसले होते, हे तालुक्याच्या गावात चारचौघांना ठाऊक असते. अशा एका ओळीवरून एखाद्या मुलीचे नाव गावभर व्हायला वेळ लागत नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधार कार्डे आणि जातीचे दाखले साचलेले असत. कुणाचे तरी ईमेल खाते उघडेच राहिलेले असे. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. दुकानातून आलेला संगणक, आधीच बसवलेल्या ब्राउझरसह, जसाच्या तसा सुरू केला गेला होता, एवढेच.

हे निदान डोळ्यांना दिसणारे होते. न दिसणारी नोंद याहून लांब जाते. आपण बातमीचे एखादे पान उघडतो तेव्हा त्या पानावर जाहिरात कंपन्यांचे आणि मोजदाद करणाऱ्यांचे छोटे प्रोग्रॅमही (ट्रॅकर) चालू होतात. ते आपल्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण ठेवतात. पुढे आपण बियाण्यांच्या, औषधांच्या, नोकरीच्या वेगवेगळ्या संकेतस्थळांवर गेलो, तरी तीच कंपनी तिथेही हजर असेल तर त्या खुणेवरून ती आपल्याला ओळखते आणि साऱ्या भेटी एका खात्यात जमा करते. सामायिक संगणकावर याचा आणखी एक परिणाम होतो : सकाळच्या वाचकाने शोधलेल्या आजाराची जाहिरात दुपारच्या वाचकाला दिसू शकते.

'आमचे नाव कुठे लिहिलेले असते?' असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर २००६ मध्येच मिळाले आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले शोध संशोधनासाठी म्हणून खुले केले. नावे काढून प्रत्येकाला फक्त क्रमांक दिला होता. तरी न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका क्रमांकाचे शोध वाचून काही दिवसांतच त्यामागची बाई शोधून काढली. आपले गाव, आडनाव, दुखणी, काळज्या माणूस स्वतःच शोधपेटीत लिहीत असतो. नाव लिहायची गरजच उरत नाही.

महोदय, ग्रंथालयांना ही गोष्ट नवी नाही, म्हणूनच मी दुसऱ्या कुठल्या खात्याकडे न जाता आपल्याकडे आले आहे. ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला देवघेवीची ब्राउन पद्धत शिकवली जाते. पुस्तक देताना त्याचे कार्ड वाचकाच्या खिसापत्रात ठेवायचे आणि ते परत आले की पुन्हा पुस्तकात घालायचे. पुस्तक बाहेर आहे तोवर ते कुणाकडे आहे हे कळते. परत आले की कुणी वाचले होते याचा माग उरत नाही. कारभाराला लागते तेवढी नोंद, लागते तेवढाच काळ. संगणकासाठीही हाच दंडक पुरेसा आहे.

याच मूल्यासाठी ग्रंथपालांनी किंमतही मोजली आहे. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने १९३९ च्या आचारसंहितेत वाचकाची माहिती गोपनीय ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरवले. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील एका ग्रंथालयाचा संगणक ठरावीक वेळी कुणी वापरला, याची माहिती एफबीआयने न्यायालयाच्या आदेशाविना मागितली आणि त्याबद्दल बोलायलाही बंदी घातली. चार ग्रंथपालांनी नकार देऊन न्यायालयात दाद मागितली. पुढच्या वर्षी सरकारला मागणी मागे घ्यावी लागली. आपल्याकडेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यावर बंधन घातले. आपल्या बालविभागातली मुलेही याच संगणकांवर बसतात.

आता उपायाकडे येते. तो खर्चीक नाही. मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली तयार होणारा फायरफॉक्स हा ब्राउझर मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि तो मराठीतून वापरता येतो. २०१९ पासून तो ओळखीच्या ट्रॅकरना मुळातच अडवतो. २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी तो वेगळ्या कप्प्यात ठेवतो, त्यामुळे एका ठिकाणची खूण दुसऱ्या ठिकाणी वाचता येत नाही. यूब्लॉक ओरिजिन हे मोफत एक्स्टेन्शन त्यात बसवले की जाहिराती आणि बहुतेक ट्रॅकर बंद होतात. नेट संथ असलेल्या गावात पान लवकर उघडते, हा वरचा फायदा. ब्राउझर कायम प्रायव्हेट मोडमध्ये उघडेल आणि पासवर्ड साठवणार नाही, अशी व्यवस्था सेटिंग्जमध्ये करता येते. मग साऱ्या विंडो बंद केल्या की शोधांची यादी आणि कुकी दोन्ही पुसल्या जातात. डाउनलोड केलेल्या फाइली मात्र तशाच राहतात. त्या रोज संध्याकाळी काढून टाकणे, हे ग्रंथालय बंद करतानाचे काम म्हणून लिहूनच द्यावे लागेल.

सर्च इंजिनसाठी डकडकगो हा सोयीचा पर्याय आहे. तो शोधांवरून वापरकर्त्याचे खाते तयार करत नाही. शोधलेल्या शब्दाशी जुळणारी जाहिरात दाखवून पैसे मिळवतो. नेदरलँड्समधील स्टार्टपेज आपले नाव-गाव न कळवता गुगलचे निकाल आणून देते. फायरफॉक्समध्ये आधीपासून गुगलच ठरवलेले असते, ते मुद्दाम बदलावे लागते. हा बदल किरकोळ वाटेल. पण गुगलविरुद्ध अमेरिकेत चाललेल्या खटल्यात समोर आलेला आकडा पाहा : मोबाइल आणि ब्राउझरमध्ये आपले सर्च इंजिन आधीपासून ठरवलेले असावे, यासाठी गुगलने एकट्या २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली. आधी जे ठरवून दिले तेच बहुतेक माणसे वापरतात, हे बाजाराला पक्के ठाऊक आहे. म्हणून ग्रंथालयाच्या संगणकावर आधी काय ठरवून द्यायचे, हा निर्णय दुकानदाराने किंवा कंपनीने न घेता ग्रंथालयाने घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

या उपायांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रायव्हेट मोड फक्त त्या संगणकावरची नोंद पुसतो. इंटरनेट देणारी कंपनी आणि आपण उघडलेले संकेतस्थळ यांच्यापासून तो काही लपवत नाही. गुगलच्या अशाच इन्कॉग्निटो मोडवर, तो सगळे लपवतो या गैरसमजावरून, २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. शिवाय वाचकाने स्वतःच्या खात्यात लॉगिन केले, की तिथला त्याचा वावर त्या कंपनीला दिसणारच. डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात आणि मराठी शोधाला, विशेषतः स्थानिक बातमी किंवा शासन निर्णय शोधताना, ते काही वेळा तोकडे पडतात. अशा वेळी वाचकाला दुसरे सर्च इंजिन निवडण्याची मोकळीक असावी.

कुणावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही तितकेच खरे. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना सूट मिळत असल्याचे २०२२ मध्ये एका संशोधकाने उघड केले, तेव्हा कंपनीने काही महिन्यांत ते दुरुस्त केले. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गुगलकडूनच येतो. केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये पहिला आलेला झोहोचा 'उला'ही याच कसोट्यांवर पारखून पाहता येईल. निवड एकदा करून विसरायची नाही. दरवर्षी तपासायची आहे.

काही सरकारी पोर्टल एखाद्या ठरावीक ब्राउझरमध्येच नीट चालतात. तेवढ्यासाठी दुसरा ब्राउझर संगणकावर ठेवावा, मात्र तोही बंद होताना नोंदी पुसणारा असावा. खरा पेच कायद्याचा आहे. २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनुसार ग्राहकाची ओळख नोंदवावी लागते आणि पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास किमान एक वर्ष जपावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली सायबर कॅफेची व्याख्या व्यवसाय म्हणून इंटरनेट देणाऱ्या ठिकाणांबद्दल बोलते. सार्वजनिक ग्रंथालय व्यवसाय करत नाही, म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे हे नियम त्याला लागू होऊ नयेत. पण गावातल्या ग्रंथपालाने हा अर्थ स्वतःच्या जबाबदारीवर लावायचा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. विधी व न्याय विभागाचे मत घेऊन संचालनालयानेच ते स्पष्ट करावे. संगणकावर कोण, किती वाजता बसले याची वही ठेवायला हरकत नाही. तो काय शोधत होता, याची नोंद त्या वहीत नसावी आणि संगणकातही उरू नये.

यासाठी परिपत्रकात पुढील गोष्टी याव्यात, अशी विनंती आहे :

१. वाचकांच्या प्रत्येक संगणकावर ट्रॅकर अडवणारा, बंद होताच नोंदी पुसणारा ब्राउझर मुख्य म्हणून बसवावा आणि वापरकर्त्याचा माग न ठेवणारे सर्च इंजिन आधीपासून ठरवून द्यावे.

२. सेटिंग्जची दोन पानी मराठी मार्गदर्शिका, चित्रांसह, 'अ' ते 'ड' सर्व वर्गांच्या ग्रंथालयांना पाठवावी.

३. 'उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडा, फाइल काढून टाका, साऱ्या विंडो बंद करा' अशी सूचना प्रत्येक संगणकाशेजारी मोठ्या अक्षरांत लावावी.

४. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत दाखल नोंदवहीबरोबर संगणकाची ही व्यवस्थाही पाहावी.

५. ग्रंथपालांच्या प्रशिक्षण वर्गात या विषयासाठी एक तास राखून ठेवावा.

६. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या किंवा शासनाच्या योजनेतून नवे संगणक घेताना ही व्यवस्था करून देण्याची अट खरेदीच्या आदेशातच घालावी.

आमच्या ग्रंथालयात आता हीच व्यवस्था आहे. ग्रंथपालांनी ती स्वतः शिकून घेतली आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च आला नाही. मार्गदर्शिकेचा मसुदा हवा असेल तर आमच्याकडची पाने आनंदाने पाठवू. पण एकेका कार्यकारी मंडळाच्या हौसेवर हे सोडले, तर ज्या गावात संगणकाची जाण असलेले कुणी नाही, तिथला वाचक उघड्यावरच राहील. नेमकी त्यालाच आपली गरज अधिक आहे.

रत्नागिरीत १८२८ मध्ये, नाशिकला १८४० मध्ये आणि ठाण्यात १८९३ मध्ये ग्रंथालये उभी राहिली, ती लोकांच्या वर्गणीतून आणि विश्वासातून. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने या विश्वासाला शासनाचा आधार दिला. कुणीही यावे, हवे ते वाचावे आणि त्याचा हिशेब कुणाला द्यावा लागू नये, हे ग्रंथालयाने वाचकाला दिलेले वचन आहे. ते कपाटापाशी पाळले जाते आणि संगणकापाशी मोडले जाते, ही विसंगती दूर करणे आपल्या एका सहीने होण्यासारखे आहे. येत्या आर्थिक वर्षाच्या आत हे परिपत्रक निघावे, अशी आग्रहाची विनंती करते.

कळावे,

आपली विश्वासू,
सार्वजनिक ग्रंथालयाची एक वाचक आणि कार्यकर्ती