आपली चिप पॉलिटेक्निकच्या बाकावर येऊ द्या

प्रति,
मा. महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक), पुणे



आपल्या संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ ही प्रोसेसरांची मालिका घडवली आहे. तिच्यातली छोटी चिप, तेजस-३२, ‘एरीज’ नावाच्या बोर्डावर बसवलेली मिळते आणि आर्डुइनोच्या ओळखीच्या साधनांनी तिच्यावर प्रोग्रॅम चढवता येतो. हे काम मोठे आहे आणि त्याबद्दल मनापासून अभिनंदन. या पत्रात एकच मागणी आहे: हा बोर्ड महाराष्ट्रातल्या प्रत्येक पॉलिटेक्निकच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये पोहोचवा, त्याच्यासोबत चिपची रचना पूर्णपणे खुली करा आणि तिचे दस्तऐवज मराठीतही द्या. हार्डवेअरमधल्या करिअरची वाट आज पदवीनंतर, तीही मोजक्या मुलांसाठी उघडते. ती सतराव्या वर्षी उघडली पाहिजे.

संगणक शाखेच्या पदविकेतला विद्यार्थी मायक्रोप्रोसेसर शिकतो तो इंटेलच्या ८०८६ वर. ही चिप १९७८ ची. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात ८०५१ असतो, तो १९८० चा. वय हा काही दोष नव्हे. रजिस्टर, स्टॅक, इंटरप्ट या गोष्टी जुन्या चिपवरही उत्तम शिकवता येतात. अडचण अशी की अनेक लॅबमध्ये ८०८६ समोर नसतोच. डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये टीएएसएम हा असेम्बलर चालवून दोन संख्यांची बेरीज केली, जर्नलवर सही घेतली, की प्रॅक्टिकल संपते. सोळा बिटांच्या रजिस्टरांनी १ मेगाबाइट मेमरी गाठण्यासाठी इंटेलने सेगमेंटची जी तडजोड केली, ती मुले परीक्षेसाठी सूत्र म्हणून पाठ करतात. ती का करावी लागली, तिची किंमत काय पडली, दुसरा मार्ग होता का, या प्रश्नांपर्यंत वर्ग पोहोचत नाही. पोहोचला तरी चिपच्या आत डोकावून पाहण्याची सोय नाही. रिस्क-फाइव्हचे तसे नाही. बर्कली येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या या आज्ञासंचाचा ३२ बिटांचा पाया जेमतेम चाळीस आज्ञांचा आहे आणि तो वापरायला परवाना किंवा शुल्क लागत नाही. विद्यार्थी तो एका सत्रात संपूर्ण समजून घेऊ शकतो आणि पुढच्या सत्रात एफपीजीएवर, म्हणजे हवे ते सर्किट रचता येणाऱ्या चिपवर, स्वतःचा लहानसा प्रोसेसर उभा करू शकतो. वेगा याच आज्ञासंचावर बांधलेला आहे, म्हणून ही मागणी आपल्याकडे.

एखाद्या सार्वजनिक संस्थेने विद्यार्थ्यांच्या हाती उघडे यंत्र दिल्याने काय होते, याचा सर्वांत चांगला पुरावा ब्रिटनमध्ये आहे. १९८१ मध्ये बीबीसीने संगणक साक्षरतेच्या प्रकल्पासाठी केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीकडून बीबीसी मायक्रो बनवून घेतला. त्याच्या बेसिक भाषेतच असेम्बलर बसवलेला होता, बाहेरची सर्किटे जोडायला पोर्ट होते आणि ऑपरेटिंग सिस्टीमचे आतले कॉल पुस्तिकेत छापलेले होते. असे पंधरा लाखांच्या आसपास संगणक विकले गेले. हा संगणक घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे स्वतःचा प्रोसेसर रचला आणि एप्रिल १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप चालू झाली. आज आपल्या खिशातला जवळजवळ प्रत्येक मोबाइल त्याच वंशाचा आहे. विल्सन आणि फर्बर हे काही त्या शाळांतले विद्यार्थी नव्हते, असा आक्षेप घेता येईल आणि तो खरा आहे. पण सार्वजनिक मागणीने एका लहान कंपनीला बळ दिले, हा या गोष्टीचा पहिला भाग. दुसरा भाग विद्यार्थ्यांचा आहे. रास्पबेरी पाय हे छोटे संगणक-बोर्ड घडवणारे एबेन अप्टन बीबीसी मायक्रोवर वाढलेले. त्या बोर्डांची ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावेही तिथूनच आली. केंब्रिजला संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या मुलांचा यंत्राशी हात बसलेला नाही, ही चिंता रास्पबेरी पायमागे होती. २०१२ पासून असे ६ कोटींहून अधिक बोर्ड विकले गेले आहेत.

हाच बीबीसी मायक्रो भारतातही आला होता, हे आज फार थोड्यांना आठवते. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात सुमारे अडीचशे शाळांना तो दिला गेला आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो परवान्यावर बनवलाही. यंत्र तेच, तरी त्यातून आपल्याकडे एकॉर्नसारखी कंपनी उभी राहिली नाही. १९८९ मध्ये मोहालीचा कारखाना आगीत सापडला, हे एक कारण निश्चितच. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण असे, की आपण यंत्र शाळेत ठेवले आणि त्याच्याभोवतीची परिसंस्था आणली नाही. स्थानिक भाषेतली पुस्तके नव्हती, घरी जाऊन करून पाहण्याजोगे स्वस्त भाग नव्हते, शिक्षकाला अडले तर विचारायला माणूस नव्हता. नुसते बोर्ड वाटून भागणार नाही असे मी म्हणतो, ते या अनुभवामुळे.

या मागणीवर पहिला आक्षेप चिपच्या गतीचा येईल. तेजस-३२ चा वेग १०० मेगाहर्ट्झ आणि मेमरी २५६ किलोबाइट. मोबाइलमधल्या चिपपुढे हे आकडे किरकोळ वाटतात. मात्र बीबीसी मायक्रो २ मेगाहर्ट्झवर, ३२ किलोबाइट मेमरीत चालत होता. मोटारीची खिडकी, पंपाचे नियंत्रण, विजेच्या स्कूटरच्या बॅटरीवरची देखरेख यांना लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलरांच्या घरातलीच ही चिप आहे. शिकण्याच्या दृष्टीने तर मर्यादा हवीच. मेमरी मोजकी असली की प्रत्येक बाइट कुठे गेला ते शोधावे लागते.

दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि पालकांच्या दृष्टीने तोच खरा. सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या आहेत, मग मुलांनी सर्किटात का अडकावे? गेली तीस वर्षे हा सल्ला बरोबर होता. आता तो डोळे झाकून देता येत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ठरावीक साच्याचा कोड लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने झपाट्याने उचलू लागली आहेत. त्याच साधनांनी हार्डवेअरला मात्र मध्यभागी आणले आहे. स्टॅनफर्डच्या मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले आकडे पाहा: ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांचा एक गुणाकार ४ पिकोज्यूलच्या आत होतो, पण तेवढीच एक संख्या बाहेरच्या डीरॅममधून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात. म्हणजे खरा खर्च गणिताचा नाही, माहिती इकडून तिकडे नेण्याचा आहे. २००५ च्या सुमारास घड्याळाचा वेग वाढवण्याचा सोपा मार्ग बंद झाला, तेव्हापासून प्रगती येते ती कामाप्रमाणे चिप रचण्यातून. हे ज्याला हाताने कळले आहे, त्याची गरज वाढत जाणार. क्वांटम संगणकाचेही तेच. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनबद्दल कॉलेजांत उत्साह आहे आणि तो योग्यच आहे. पण क्युबिटला नेमक्या क्षणी नेमका स्पंद देणारी यंत्रणा शेवटी एफपीजीए आणि ॲनालॉग सर्किटांचीच असते. आणि इतके दूर जायलाही नको. चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे बनणाऱ्या वाहनांत डझनांनी नियंत्रक असतात, ते एकमेकांशी कॅन बसवरून बोलतात. त्यांची चाचणी, दुरुस्ती, फर्मवेअर हे पदविकाधारकाला घराजवळ मिळू शकणारे काम आहे.

तिसरा आक्षेप आपल्याकडून येऊ शकेल: ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत ८५,००० अभियंते तयार होत आहेत, आपले बेंगळुरूचे चिपइन केंद्र कॉलेजांना महागडी डिझाइन साधने पुरवते, पुण्याच्या ॲक्ट्स या आपल्या प्रशिक्षण केंद्रातून एम्बेडेड आणि व्हीएलएसआयचे पदव्युत्तर अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालतात. हे सगळे उपयोगाचे आहे आणि ते वाढायलाही हवे. पण ते पदवीच्या शेवटी किंवा पदवीनंतर सुरू होते. तोवर ज्यांना यंत्राची गोडी लागली असती अशी बरीच मुले कॅम्पस मुलाखतीच्या तयारीला लागलेली असतात. ग्रामीण पॉलिटेक्निकमधली मुलगी प्रवेश परीक्षा देऊन पुण्याला येईल, इथपर्यंत वाट पाहण्यात आपण तिची चार वर्षे गमावतो.

रचना खुली करण्याला सर्वाधिक विरोध होईल, याची मला कल्पना आहे. बौद्धिक संपदा, सुरक्षितता, उद्योगांना परवाने देऊन मिळणारे उत्पन्न, ही कारणे हलकी नाहीत. ‘वेगा’च्या चार गाभ्यांच्या (कोर) प्रोसेसरबद्दल किंवा संरक्षणासाठीच्या चिपबद्दल ती मला मान्यच आहेत. मात्र सर्वांत लहान, ३२ बिटांच्या गाभ्याला ती लागू पडत नाहीत. आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ची रचना खुल्या परवान्याखाली दिली आहे. रास्पबेरी पायने २०२४ मध्ये आणलेल्या आरपी-२३५० चिपमधला हॅझार्ड-३ हा रिस्क-फाइव्ह गाभा कुणालाही वाचता येतो, तरी ती चिप बाजारात विकली जाते. वेगा तर जनतेच्या पैशातून उभा राहिला आहे. तो बंद ठेवून जे थोडे उत्पन्न मिळेल, त्यापेक्षा हजारो विद्यार्थ्यांनी त्यातल्या चुका शोधणे संस्थेला अधिक लाभाचे ठरेल. आपला इतिहासही तेच सांगतो. १९९१ चा परम ८००० ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर उभा राहिला. त्या चिपची पुढची पिढी रखडली, तेव्हा परमला इतरांच्या प्रोसेसरांकडे वळावे लागले. चिप दुसऱ्याच्या हाती असली की आराखडा कसा बदलावा लागतो, हे आपल्या संस्थेइतके देशात कुणाला ठाऊक असेल?

आता प्रत्यक्षाबद्दल. तंत्रशिक्षण मंडळाशी बोलून ८०८६ च्या विषयाला पर्याय म्हणून रिस्क-फाइव्ह आणा. एकदम बदल करू नका, नाहीतर शिक्षक धास्तावतील आणि प्रश्नपत्रिका जुन्याच वळणाच्या निघतील. आधी प्रत्येक विभागातल्या काही शिक्षकांना ॲक्ट्समध्ये दोन आठवडे बसवा आणि परत जाताना प्रत्येकाला बोर्डांचा संच द्या. बोर्ड दहा वर्षे मिळत राहील अशी लेखी हमी हवी, कारण अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो आणि बोर्ड मध्येच बंद झाला तर लॅब पुन्हा डॉसबॉक्सवर जाईल. चिपमधल्या माहीत असलेल्या चुकांची यादीही जाहीर करा. उद्योगात काम करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून तीच वाचावी लागते. मराठी पुस्तिकेत रजिस्टर, इंटरप्ट, क्लॉक हे शब्द तसेच राहू द्या, स्पष्टीकरण तेवढे मराठीत असावे. ती लिहायला आणि तपासायला महाराष्ट्रातले शिक्षक पुढे येतील, आपण हाक द्या.

आपला,
एक संगणकप्रेमी नागरिक