सरपंचांनो, सिस्टरसाठी एक खोली

प्रति,
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच आणि सदस्य यांस



मी कंत्राटी परिचारिका आहे. गेल्या बारा वर्षांत पाच गावांत राहिले. प्रतिनियुक्त्या वेगळ्याच: कधी यात्रेच्या पथकात, कधी वारीत, कोविडमध्ये तीन महिने एका केंद्रावर. आमच्या नेमणुकीचा आदेश अकरा महिन्यांचा असतो. मग एखाद-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा नवा आदेश. त्यात पद असतं, मानधन असतं, अमुक तारखेपर्यंत रुजू न झाल्यास आदेश रद्द समजला जाईल ही ओळही असते. रात्री राहायचं कुठं, हे त्यात नसतं. ते तुमच्या गावात उतरल्यावर आमचं आम्ही बघायचं. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. आदेश वरून येतो, खोली मात्र तुमच्या गावातच असते.

ग्रामसभेत एक तक्रार मी दरवर्षी ऐकते: “सिस्टर मुख्यालयी राहत नाहीत.” तक्रार खोटी नाही. रात्री दोनला एखादी सून अडली, पोराला ताप चढून झटके आले, शेतात कुणाला साप चावला, तर नर्स गावात हवीच. तालुक्याच्या गावाहून सकाळची एसटी धरून येणारी नर्स त्या रात्री कामाची नाही, हे मला मान्य आहे. कर्मचारी मुख्यालयी राहतात की नाही, याचा ग्रामसभेचा ठराव शासनाने २०१९ मध्ये घरभाडे भत्त्यासाठी मागितला. शिक्षकांच्या घरभाड्यावरून २०२२ मध्ये विधानसभेत केवढा गदारोळ झाला, तोही तुम्हाला आठवत असेल. पण एक गोष्ट ग्रामसभेत कुणी सांगत नाही, ती मी सांगते. घरभाडे भत्ता नियमित कर्मचाऱ्याला मिळतो. कंत्राटी नर्सला एकत्रित मानधन मिळतं. त्यात घरभाड्याचा वेगळा रुपया नसतो. ठरावात मात्र दोघींची नावं एकाच ओळीत येतात.

नियमाप्रमाणे सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. चांगल्या उपकेंद्राला मागच्या बाजूला नर्सचं क्वार्टर असतं. काही ठिकाणी ते छान आहे, मी स्वतः अशा एका क्वार्टरमध्ये दोन वर्षं सुखाने राहिले. पण जिथं छत गळतं, बोअर आटलेलं असतं किंवा इमारत वस्तीपासून अर्ध्या किलोमीटरवर, शेताच्या कडेला एकटी उभी असते, तिथं बाई माणूस रात्री राहू शकत नाही. मग गावात खोली शोधायची.

खोली शोधणं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या पुरुष मंडळींना कदाचित माहीत नसेल. पाठीवर सॅक, हातात पेटी, आणि दारोदार एकच प्रश्नावली. एकटीच राहणार का? मालक कुठं असतात? लग्न झालं नाही का अजून? रात्री-अपरात्री पेशंट दारात येतील का? मटण-मासे करता का? आणि सगळ्यात शेवटी, चहा पिऊन झाल्यावर, सहज विचारल्यासारखं: “आडनाव काय म्हणालात?” माझं आडनाव ऐकून दोन घरांत खोली “परवाच दिली” झाली. त्यातल्या एका घरातल्या सुनेचं बाळंतपण पुढं मीच केलं. राग नाही, पण ती चहाची बशी मी विसरलेले नाही.

आणि खोली मिळाली तरी कशी? एका गावात मला धान्याच्या कोठाराशेजारची खोली मिळाली. भाडं वाजवी होतं, आगाऊ दोन महिन्यांचं मागितलं तेही दिलं. रात्री दार लावायला गेले तर आतली कडी होती, कोयंडा नव्हता. कधीतरी उखडला असणार. चौकटीत स्क्रूची चार भोकं तेवढी शिल्लक होती. मालकाला सांगितलं तर म्हणाले, “आपल्याकडं चोऱ्या होत नाहीत, सिस्टर.” मी दाराला पेटी लावली, पेटीवर पाण्याचा हंडा ठेवला आणि रात्रभर टॉर्च हातात धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी-कोयंडा, आठ स्क्रू आणि एक पेचकस घेतला. तेव्हापासून हे तिन्ही माझ्या पेटीत कायम असतात. त्यानंतरच्या प्रत्येक गावात मी खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा दाराच्या आतली बाजू बघितली आहे. नव्याने रुजू होणाऱ्या मुली पेटीत काय भरायचं असं विचारतात, तेव्हा मी पहिलं हेच सांगते.

मग बाकीचं. मूळ प्रमाणपत्रं आणि परिचर्या परिषदेची नोंदणी प्लॅस्टिकच्या पाकिटात, अंगाजवळच्या पिशवीत. पेटीत नको, कारण पेटी एसटीच्या टपावर जाते. तीन युनिफॉर्म. मैदानी तालुक्यात दोन पुरतात, पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरकडे, आषाढ-श्रावणात कपडा तीन दिवस वाळत नाही, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी ओढून ओढून संपते. म्हणून तिकडं लायटर आणि घट्ट झाकणाचे डबे. पाथर्डी-कर्जतकडं उन्हाळी नेमणूक असेल तर झाकणाची मोठी कॅन, कारण टँकर कधी येईल ते टँकरवालाच जाणे. पाच किलोचं छोटं सिलिंडर, तवा, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी. मच्छरदाणी. स्वतःचं कुलूप, कारण मालकाच्या कुलपाची दुसरी किल्ली मालकाकडे असते. एवढं सगळं एका पेटीत आणि एका सॅकमध्ये बसवायचं, कारण अकरा महिन्यांनी ते पुन्हा उचलावं लागू शकतं. कपाट, खाट, गादी कुणी घेत नाही. बारा वर्षं नोकरी करूनही माझ्या नावावर एक खाट नाही.

कोविडच्या वेळचं सांगते, कारण तेव्हा ही गोष्ट देशाने पाहिली. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक शहरांत घरमालकांनी डॉक्टर-नर्सेसना खोल्या खाली करायला सांगितल्या. माझीही पेटी एका संध्याकाळी ड्युटीवरून आले तेव्हा ओट्यावर काढून ठेवलेली होती. २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राने साथरोग कायद्यात बदल करणारा अध्यादेश काढला, सप्टेंबरात त्याचा कायदा झाला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यावरच्या मारहाणीबरोबरच तिच्या राहण्या-काम करण्यात त्रास देणं हाही गुन्हा धरला गेला. नर्सचं राहणं हा तिच्या कामाचाच भाग आहे, हे पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत मी तेव्हा वाचलं. पण तो कायदा साथीपुरता आहे. अडलेली बाई साथीची वाट बघत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा धडा पन्नास वर्षांपूर्वीच मिळाला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकटीनं राहणं त्या मुलींना जमेना, आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग आरोळे पतिपत्नींनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना निवडून शिकवलं. त्या कामाचं नाव जगभर झालं, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज घरोघर फिरणारी आशाताई त्याच वाटेवरची आहे. आशाला खोली लागत नाही, तिचं घर गावातच असतं. पण लस टोचायला, बाळंतपण करायला, सलाईन लावायला शिकलेली नर्स लागतेच, आणि ती बाहेरूनच येते. जामखेडला जी अडचण दिसली ती आशाताईमुळे मिटली नाही. ती नर्सच्या वाट्याला तशीच राहिली.

गावाला दार उघडता येत नाही असं नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि राहुरी, नगर, मिरजगाव करत आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते. एका वर्षी मी त्या वाटेवर वैद्यकीय पथकात होते. मुक्कामाच्या गावी दिंडी आली की घराघरांतून माणसं रस्त्यावर येतात, “माउली, आमच्याकडं चला” म्हणून हाताला धरून नेतात. न्हाणीत गरम पाणी काढलेलं असतं, ओसरी शेणानं सारवलेली असते, ताटात आमटी-भात वाढलेला असतो. कुणाचं आडनाव कुणी विचारत नाही. कुणाचा नवरा कुठं आहे, हे तर नाहीच. आम्हा नर्सेसनाही त्या रात्री एका घरात आतली खोली मिळाली, आणि घरातली माणसं अंगणात झोपली. सकाळी निघताना मी त्या घराच्या दाराला हात लावून आले. तेच गाव, तीच माणसं. एका रात्रीसाठी उघडलेलं दार अकरा महिन्यांसाठी का उघडू नये?

आणखी एक घर सांगितल्याशिवाय राहवत नाही. रतनवाडीच्या वाटेवरच्या एका पाड्यात मी पावसाळी ड्युटीला होते. तिथल्या एका म्हाताऱ्या आजीनं मला तिची पडवी दिली. पैसे घेईना. दाराला कडी बसवायला मी पेचकस काढला तर म्हणाली, “राहू दे पोरी, मी दारात झोपते.” आणि खरंच पोत्यावर घोंगडी टाकून उंबऱ्यालगत आडवी झाली. बाहेर पाऊस कोसळत होता. एवढी गाढ झोप मला या नोकरीत दुसऱ्या कुठल्या गावी लागली नाही.

आता माझं मागणं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार याच जिल्ह्यातली गावं आहेत. पाणी अडवायला ग्रामसभेनं काय काय ठरवलं आणि पाळलं, हे बघायला तिथं देशभरातून लोक येतात. चर खोदणाऱ्या ग्रामसभेला एक खोली ठरवणं अवघड नाही. उपकेंद्राचं क्वार्टर राहण्याजोगं असेल तर ते झाडून, नळ आणि दिवा चालू करून ठेवा. नसेल तर ग्रामपंचायतीनं वस्तीच्या मध्यावर एक खोली ठरवून ठेवावी, मालकाशी भाडं ठरवून घ्यावं आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीत असावी. म्हणजे नव्या नर्सला दारोदार आडनाव सांगत फिरावं लागणार नाही. भाडं आम्ही देऊ, फुकट नको. केंद्राच्या नोकरदार महिला वसतिगृहांच्या योजनेत, आता तिला सखी निवास म्हणतात, एकटीच्या खोलीला पगाराच्या पंधरा टक्क्यांहून आणि दोघींच्या खोलीला दहा टक्क्यांहून जास्त भाडं घेता येत नाही. तेच माप गावात धरा. करार कागदावर होऊ द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथं लागू आहे तिथं तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. खेड्यात हे कुणी करत नाही, पण कागद असला की एका संध्याकाळी पेटी ओट्यावर येत नाही.

ग्राम आरोग्य समितीच्या पहिल्या बैठकीत सिस्टरला बोलवा आणि तिला विचारा, राहायला कुठं आहात. मुख्यालयी राहण्याचा ठराव लिहिण्याच्या आधी हा प्रश्न विचारला जावा.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यामुळे हे पत्र वाचणाऱ्यांत निम्म्या तरी सरपंचताई असतील. ताई, तुम्हीही कधीतरी सासरी पहिल्या रात्री दाराकडं बघत जागल्या असाल. खोली बघायला ग्रामसेवकाला पाठवू नका, स्वतः जा. आत जाऊन दार लावा आणि कडी आतून नीट बसते का, ते हातानं ओढून बघा.

आपली,
एक कंत्राटी परिचारिका