पहिल्या मिनिटाला चार हात

बाळंतपण घरातून रुग्णालयात आले, हे महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेचे गेल्या दोन दशकांतले मोठे यश आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील सुमारे ६५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याची नोंद होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्के झाले. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या आकड्यांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. मात्र हे बाळंतपण जे हात झेलतात, त्यांची चौकशी क्वचितच होते.

नाशिक जिल्ह्यातील वणीचे उदाहरण घेऊ. सप्तशृंगगडाच्या पायथ्याचे हे बाजाराचे गाव. एका अंगाला दिंडोरीच्या द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला कळवण-सुरगाण्याचा आदिवासी पट्टा. छाटणी-काढणीच्या हंगामात सुरगाणा, पेठकडची कुटुंबे बागांवर कामाला येतात. त्यांतल्या एखादीला अवेळी कळा सुरू होतात, तेव्हा तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावच्या घरी राहिलेले असते. हिमोग्लोबिन किती, आधीचे बाळंतपण कसे झाले, काहीच हाताशी नसते. चैत्रात आणि नवरात्रात गडावर लाखोंची यात्रा भरते, आरोग्य पथके तिकडे लागतात. पण यात्रा आहे म्हणून कोणाच्या कळा थांबत नाहीत. अवघड प्रसूती नाशिकला पाठवायची, तर चाळीसहून अधिक किलोमीटरचा रस्ता. राज्यातील कितीतरी ग्रामीण रुग्णालयांची गोष्ट याहून वेगळी नाही.

तीस खाटांच्या अशा रुग्णालयात रात्रपाळीला प्रसूतिगृहात एकच सिस्टर असेल, तर तिच्या कामाचा हिशेब मांडून पाहावा. दोघींना कळा सुरू आहेत आणि एक नुकतीच बाळंत झाली आहे, असे धरू. कळा वाढल्या की दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे, आईची नाडी पाहायची, कळा मोजायच्या. कळा मोजायला पोटावर हात ठेवून दहा मिनिटे बसावे लागते. दोघींच्या मिळून तासातली चाळीस मिनिटे त्यातच गेली. बाळंतिणीला पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पाहायचे, कारण भरल्या दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असते आणि रक्तस्राव उलटायला वेळ लागत नाही. यात वॉर्डातले सलाईन, सर्पदंशाचा रुग्ण, फोन आणि रजिस्टरे धरलेली नाहीत.

त्यानंतर येते ते पहिले मिनिट. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे, म्हणजे गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव रोखला जातो. बाळ रडले नाही, तर त्याच एका मिनिटात बॅग आणि मास्कने त्याला श्वास द्यायला सुरुवात करायची. दोन्ही गोष्टी जीव वाचवणाऱ्या आणि दोन्ही एकाच वेळी करायच्या. त्या मिनिटाला चार हात लागतात. दोनच असतील, तर कोणाकडे आधी वळायचे हे त्या एकटीने ठरवायचे आणि परिणामही तिनेच झेलायचा. प्रसूतिगृहातला ताण नेमका इथे आहे. रक्त पाहून किंवा रात्र जागून नर्स मोडत नाही. काय करायला हवे ते माहीत असूनही करता येत नाही, याने ती मोडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. लक्षणे तीन: पार गळून जाणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. थकवा झोपेने जातो. हे कोळपणे नुसत्या झोपेने जात नाही.

यातले दुसरे लक्षण लोकांना चांगले ठाऊक आहे, फक्त ते लक्षण म्हणून ओळखले जात नाही. ‘लेबर रूममध्ये सिस्टर ओरडतात’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती खोटी नाही. वेणा देणाऱ्या बाईला अपमानाची भाषा कधीच क्षम्य नाही. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानेही प्रसूतिगृहाच्या गुणवत्तेत सन्मानपूर्वक वागणूक धरली आहे. पण सलग रात्रपाळ्या करणाऱ्या, कंत्राटाची मुदत संपत आलेल्या कर्मचारीकडून मायेने बोलण्याची अपेक्षा नुसत्या भिंतीवरच्या फलकाने पूर्ण होत नाही. शिवाय प्रश्न केवळ बोलण्याचा नाही. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मधील एका अभ्यासाने दाखवले. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती कोणी प्रसूती सोपवणार नाही. जागरणाबाबत मात्र आपण डोळेझाक करतो.

सर्वांत कठीण वेळ माता किंवा बाळ दगावल्यानंतरची. पहिला आघात कुटुंबावर होतो, त्यांचे दुःख मोठेच. परंतु उपचार करणाराही आतून मोडतो. अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० मध्ये त्याला ‘दुसरा बळी’ म्हटले. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एका मातेचा मृत्यू झाला. निदर्शने झाली, उपचार करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ महिलेवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले जीवन संपवले. वैद्यकीय निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालवण्याआधी स्वतंत्र, जाणकार डॉक्टरांचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले होते. खरा निष्काळजीपणा असेल तर चौकशी व्हायलाच हवी. चौकशीपूर्वीच शिक्षा ठरली, तर त्याची किंमत पुढची माता मोजते: धास्तावलेला कर्मचारी जोखमीची प्रत्येक केस पुढे ढकलतो आणि ती वाटेत अडकते.

माता मृत्यू अन्वेषणाच्या केंद्रीय सूचनांतही नाव घ्यायचे नाही, दोष द्यायचा नाही, हे तत्त्व आहे. ते कागदावरून बैठकीच्या खोलीत यायला हवे. कारणे दाखवा नोटिशीने सुरू होणारी बैठक कोणालाच खरे बोलू देत नाही.

मग करायचे काय? योग दिन आणि ताणमुक्तीचे व्याख्यान वाईट नाही, पण रात्रपाळीचा तक्ता तोच राहिला तर त्याचा उपयोग थोडा. पहिले काम, प्रसूतीच्या क्षणी दुसरा प्रशिक्षित माणूस हजर असेल असा तक्ता आखणे. रिक्त पदे भरणे शासनाच्या हाती आहे. पण सलग रात्रपाळ्यांना मर्यादा घालणे, रात्रपाळीनंतरची सुटी न मोडणे, यात्रेच्या बंदोबस्तातून प्रसूतिगृहाचे मनुष्यबळ वगळणे, हे वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना आजही जमू शकते. दुसरे, अवघड प्रसंगानंतर एक-दोन दिवसांत अर्ध्या तासाची बैठक घ्यावी: काय घडले, काय कमी पडले, कोणाला दोन दिवस हलके काम हवे. सफाई करणाऱ्या मावशींनाही तिथे खुर्ची असावी. रक्त त्यांनीही पाहिलेले असते. तिसरे, कळांच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवावी. केंद्राने २०१६ मध्ये तशी मुभा दिली आहे. त्याने बाळंतिणीला धीर येतो आणि सिस्टरचा भारही हलका होतो. चौथे, १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मानसिक आधार विनामूल्य मिळतो, तो कर्मचाऱ्यांसाठीही आहे, हे त्यांना वरिष्ठांनीच सांगावे.

नातेवाइकांच्याही हाती काही आहे. गरोदरपणाचे कार्ड कामाच्या गावी सोबत न्यावे, तपासण्या चुकवू नयेत, प्रसूतिगृहाच्या दारात गर्दी करू नये. आणि प्रसूतिगृहात रात्री किती माणसे कामावर असतात, हा प्रश्न रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्या लोकप्रतिनिधींना जरूर विचारावा. इमारतीच्या उद्घाटनापेक्षा त्याचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे.